नव्वद अंशांतला महाल

चौथ्या लेव्हलचं मोठं जहाज फुटलं तेव्हा मास्तर स्वयंपाकघराच्या दारात बसून वाटाणे सोलत होते. स्फोटाचा आवाज कानावर आला आणि दाणे सालींच्या टोपलीत, तर साली दाण्यांच्या पातेल्यात पडू लागल्या.

बाहेरच्या खोलीत त्यांची नात टीव्हीसमोर बसली होती. तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत, आणि एकदा तिला पाहिलं की खरं नाव विचारायचं कुणाच्या मनातही येत नसे. तिच्या बाबाने दोन दिवसांपूर्वी गेमच्या डब्यावर जुन्या खेळांचा एक संच उतरवून घेतला होता. चाळीसेक वर्षांपूर्वी कपाटाएवढ्या यंत्रात नाणं टाकून, उभ्याने, मागे रांग लावून खेळायचे ते हे खेळ. कुणा हौशी मंडळींनी ते शोधून काढले, झाडूनपुसून जसेच्या तसे नव्या यंत्रांवर आणले. त्यात 'हिरवं विमान' होतं. यंत्रावर त्याचं लांबलचक इंग्रजी नाव लिहिलेलं असे, पण मास्तरांच्या तरुणपणी ते वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. खाली एक हिरवं विमान, वरून येणारी शत्रूची विमानं, गोळ्यांचा पाऊस. एवढं कळलं की पुरे.

"आबा," भिंगरी म्हणाली, "चौथी संपली. महाल नाही आला. परत पहिलीच आली."

हे वाक्य कधीतरी आपल्या कानावर पडेल असं मास्तरांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी महाल बांधला तेव्हा हा खेळ जगातून नाहीसा झाला आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती.

झालं होतं ते असं. चार वर्षांपूर्वी भिंगरी जिन्यावरून घसरली आणि पायाला प्लास्टर आलं. तिला सहा आठवडे एका जागी बसवायच्या कामावर मास्तरांची नेमणूक झाली. शाळेत सदतीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाकडे गोष्टींचा साठा तो किती असणार? मग त्यांनी हिरवं विमान काढलं. आपण तरुणपणी ते कसं चालवायचो, मोठ्या जहाजाच्या पोटाखालून कसं निसटायचो, हे ते रोज थोडं थोडं सांगत आणि भिंगरी प्लास्टरसकट उडत असे. अडचण एकच झाली. चार लेव्हल तीन आठवड्यांत संपल्या आणि प्लास्टर सहा आठवड्यांचं होतं.

तेव्हा मास्तरांनी पाचवी लेव्हल स्वतःच बांधायला घेतली. ढगांवर तरंगणारा निळ्या काचेचा महाल. त्याला सात दारं. पहिलं दार तीन गोळ्यांनी त्रिकोण काढला की उघडायचं, दुसरं चौकोन काढला की, आणि असंच पुढे. आत राणी. ती गोळ्या मारत नसे, प्रश्न विचारत असे. मास्तरांचा पेशा त्यांनी किती लपवला तरी असा डोकं वर काढायचा. सहावं दार उघडलं त्या दिवशी प्लास्टर निघालं, भिंगरी पळाली आणि सातवं दार बंदच राहिलं.

आता चार वर्षांनी ती कंबरेवर हात ठेवून उभी होती. मास्तर खरं सांगणार होते. तोंड उघडलंही होतं त्यासाठी. पण तेवढ्यात त्यांची नजर टीव्हीकडे गेली आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"आडव्या टीव्हीवर महाल कसा दिसेल?"

यातला अर्धा भाग खरा होता, आणि गोत्यात आणतो तो असाच अर्धा भाग. त्या काळच्या यंत्राचा पडदा उभा असायचा, रुंदीपेक्षा उंची जास्त. नव्या टीव्हीवर तो खेळ मधोमध एका पट्टीत उभा केलेला होता, आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा वाईट दिसू नये म्हणून तिथे चित्रं रंगवली होती. इथवर ठीक. पण त्यामुळे वरचा भाग कापला जातो आणि महाल नेमका त्या वरच्या भागात असतो, ही जी पुढची भर मास्तरांनी घातली, तिला काही आधार नव्हता.

भिंगरीने क्षणभर पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग टीव्ही उभा करू या."

आणि तिने सांगितलं की हे रविवारच्या आत व्हायला हवं. वर्गात एक चष्मेवाला मुलगा होता. त्यानेही हाच खेळ घरी संपवला होता आणि महाल-बिहाल काही नाही, तुझ्या आबांनी थापा मारल्या, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. भिंगरीने ताडकन सांगून टाकलं होतं की माझे आबा मास्तर आहेत, ते खोटं बोलत नाहीत, रविवारी चार वाजता घरी या आणि बघा. तो दिवस सोमवार होता.

मास्तरांनी पातेल्यातल्या साली निवडायला घेतल्या. ते फारसे घाबरले नव्हते. टीव्ही भिंतीवर लोखंडी चौकटीत बसवलेला होता. तो फिरवायचा तर भिंतीत नवी भोकं पाडावी लागणार. भोकं पाडायची तर सोसायटीची परवानगी लागणार. या इमारतीत परवानगी रविवारपर्यंत मिळेल ही गोष्ट अशक्य होती, आणि एखाद्या गोष्टीच्या अशक्यतेचा मास्तरांना इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

सोसायटीचे सचिव म्हणजे नियमांचं चालतंबोलतं कपाट. ड्रिल वापरायचं असेल तर तीन प्रतींत अर्ज, सात दिवसांची पूर्वसूचना, शेजाऱ्याची सही. तळमजल्यावरच्या बाईंनी कपडे वाळत घालायची दोरी बांधू का म्हणून अर्ज केला होता, तो दोन वर्षं विचाराधीन होता. तोवर बाईंनी कपडे सुकवायचं यंत्र घेतलं.

मास्तरांनी मंगळवारी सकाळी अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात त्यांनी खरंखुरं लिहिलं, 'टीव्ही नव्वद अंशांतून फिरवणे', कारण इतकं विचित्र कारण वाचून सचिव अर्ज हाणून पाडतील अशी त्यांना आशा होती. सचिवांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि आवाज खाली आणून विचारलं, "मास्तर, हिरवं विमान की काय?"

मास्तर चपापले. सचिवांनी दार लोटून घेतलं. मग समजलं की या गृहस्थांनी कॉलेजचे दोन तास रोज त्या यंत्रापुढे काढले होते आणि पहिल्या वर्षी दोन विषयांत गटांगळ्या खाल्ल्या होत्या त्या त्यामुळेच. तिसऱ्या लेव्हलच्या पुढे त्यांना कधी जाता आलं नाही. ती सल अजून होती. पाचव्या लेव्हलला महाल असतो हे ऐकून त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. असेल, असेल, ते म्हणाले, आपण काय, तिसरीतच मेलो. पूर्वसूचनेची अट त्यांनी स्वतःच्या अधिकारात शिथिल केली. सोसायटीच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. फक्त कागद पुरा असावा म्हणून अर्जाला मोजमापाचं चित्र जोडा, एवढं ते म्हणाले.

इथे मास्तरांना शेवटची संधी होती. चित्र चुकीचं काढलं असतं तर अर्ज परत आला असता. त्यांनी तसा प्रयत्न केलाही. पण कागद पुढे आला, पट्टी आणि कंपास हातात आले, आणि काटकोन अठ्ठ्याऐंशी अंशांचा काढायला तो हात तयार होईना. तासाभरात असं देखणं चित्र तयार झालं की सचिवांनी ते सूचनाफलकावर नमुना म्हणून लावलं. शाई वाळायच्या आत मंजुरी मिळाली.

बरं, टीव्हीच्या कंपनीची वॉरंटी तरी आडवी येईल म्हणून मास्तरांनी ग्राहकसेवेला फोन लावला. पस्तीस मिनिटं त्यांनी फोनवरचं एकच संगीत ऐकलं. शेवटी एक गोड आवाजाची मुलगी आली. तिने टीव्हीचा नंबर विचारला आणि सांगितलं की काका, तुमची वॉरंटी दोन महिन्यांपूर्वीच संपली आहे, आता तुम्ही टीव्ही उभा करा, तिरका करा, आमची काही हरकत नाही.

राहता राहिला सुतार. त्याच्यावर मात्र मास्तरांचा पूर्ण विश्वास होता. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लावायला हा सुतार गेल्या वर्षापासून 'उद्या' येत होता. भिंगरी त्याच्याकडे निरोप घेऊन गेली आणि अर्ध्या तासात त्याला घेऊनच परत आली. वाटेत तिने त्याला सात दारांची सगळी हकिगत सांगितली होती. ड्रिलची पेटी खाली ठेवायच्या आधी त्याने मास्तरांना विचारलं की सातवं दार बिजागरीचं आहे की सरकतं. मास्तर म्हणाले, सांगता येत नाही. सुतार म्हणाला की काचेचं दार असेल तर सरकतंच असायला हवं, बिजागरीला ते वजन पेलणार नाही. रविवारी मी स्वतः येऊन बघतो.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त वीज-अभियंते ड्रिलचा आवाज ऐकून खाली आले. सल्ला द्यायला त्यांना कारण लागत नसे आणि इथे तर चांगलं सज्जड कारण होतं. टीव्हीची उष्णता कुठून बाहेर पडते, उभा केला की ती कुठून पडेल, वायर किती लांब हवी, हे त्यांनी सुतार शिडीवर असेपर्यंत सांगितलं. शिडीवरून उतरल्यावर त्यांनी तेच पुन्हा, क्रमाने सांगितलं. सुताराने चार भोकं पाडली. अभियंत्यांच्या सांगण्यावरून ती दोन बोटं वर घ्यावी लागली, म्हणून आणखी चार. बुधवारी संध्याकाळी टीव्ही भिंतीवर उभा राहिला आणि सगळे दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे पाहत राहिले. दिवाणखान्याला एकदम दुसरं दार फुटल्यासारखं दिसत होतं.

मग गेम लावला, आणि हिरवं विमान छताला चिकटून खाली गोळ्या झाडताना दिसलं.

चित्र उलटं होतं. टीव्ही उजवीकडे फिरवायचा की डावीकडे, हा प्रश्न भूमितीच्या मास्तरांनी सोडवलेला होता, आणि तो चुकलेला होता. मास्तरांच्या बायकोने फक्त एवढंच म्हटलं की चित्र मात्र सूचनाफलकावर फार छान आलंय हो. भिंगरीने कुणाकडे न बघता बटनं दाबून कुठल्याशा यादीत 'डावीकडे'च्या जागी 'उजवीकडे' केलं. खेळ सरळ झाला. मास्तरांची अब्रू मात्र तशीच उलटी लटकत राहिली.

गेम सरळ झाला, पण बाकीचं जग आडवं झालं. त्या यादीत फक्त खेळ फिरत होता; बातम्या फिरत नव्हत्या. बातम्या देणारी बाई भिंतीवर कुशीवर झोपून देशोदेशीच्या घडामोडी सांगू लागली. सुतार थेट रविवारीच येणार होता. तोपर्यंत सारं घर सोफ्यावर, गालिच्यावर, दिवाणावर डाव्या कुशीवर पडून टीव्ही बघू लागलं. मास्तरांच्या मुलाला आडवं पडायला कमीपणा वाटला. तो बसूनच मान वाकडी करून बघत राहिला आणि शुक्रवारी ऑफिसात मान तशीच घेऊन गेला. साहेबांना वाटलं, हा आपल्या प्रत्येक म्हणण्यावर शंका घेतोय. आजी मात्र म्हणाली की तीस वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी पडून राहायचं कारण दिलं आहे, राहू दे असाच.

भिंगरी शाळेत आणि मुलगा-सून कामावर गेली की मास्तर गेम लावायचे. आधी हेतू शुद्ध भीतीचा होता. चौथीनंतर खरोखर काही नाही ना, हे त्यांना स्वतः बघायचं होतं. न जाणो, असलाच महाल तर? पण खेळ सुरू झाला आणि ते महाल विसरले.

उभ्या पडद्यावर ते विमान अगदी तसंच दिसत होतं. शत्रू दूर वरून येताना दिसत, विचार करायला वेळ मिळे. पट्टीतल्या चित्रात हे जाणवलंच नव्हतं. मास्तर वही घेऊन बसले. गोळी कुठे जाते? आपण असतो तिथे नाही. ती सुटली तेव्हा आपण होतो तिथे. म्हणजे घाबरून सैरावैरा पळायचं नाही, एका बाजूला बोटभर सरकत राहायचं, सगळ्या गोळ्या मागून निघून जातात. आणखी एक. विमान अंगठ्याएवढं दिसतं, पण गोळी पंखाला लागली तर काही होत नाही, पोटाच्या मध्यावरच्या एका ठिपक्याला लागली तरच मरतं. एवढ्या मोठ्या विमानात जपायचं काय, तर तो ठिपका. मास्तरांनी वहीत त्याला 'केंद्रबिंदू' असं नाव दिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिसऱ्या लेव्हलला पडदा गोळ्यांनी भरला की खेळ संथ व्हायचा. जुन्या यंत्राला एकदम इतक्या गोळ्या झेपत नसत, त्याला धाप लागे, आणि त्या धापेतच खेळणाऱ्याला निसटायला फट मिळे. आता हा नवा डबा असल्या हजार विमानांना पुरून उरेल इतका ताकदवान. तरी भिंगरी संध्याकाळी खेळायला बसली की तो नेमका तिथेच, तसाच संथ होत होता. मास्तरांनी अभियंत्यांना बोलावून विचारलं. त्यांनी यादीतली बारीक अक्षरं वाचून सांगितलं की हे मुद्दाम केलंय. ज्यांनी हा खेळ पुन्हा आणला त्यांनी जुनं यंत्र समोर ठेवून, ते कुठे किती दमायचं ते मोजून, ती धाप जशीच्या तशी यात उतरवली आहे. दुसऱ्याची चूक दुरुस्त करणारे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, स्वतः त्यातलेच होते. दुसऱ्याची चूक इतक्या मायेने सांभाळून ठेवणारे ते पहिल्यांदाच पाहत होते.

त्यांचा स्वतःचा खेळ मात्र यथातथाच होता. ज्ञान वहीत होतं, बोटांत उतरत नव्हतं. दुसऱ्या लेव्हलला ते चाळीस वेळा मेले. शेवटी शुक्रवारी त्यांनी नव्या डब्यातलं मागे नेण्याचं बटन वापरलं. मेलं की चार सेकंद मागे जायचं आणि पुन्हा जगायचं. असं दीड तास जगतमरत ते चौथीच्या शेवटी पोचले. मोठं जहाज फुटलं. पडदा काळा झाला. मास्तरांनी श्वास रोखला. आणि पहिल्या लेव्हलचा तोच निळा समुद्र पुन्हा वर येऊ लागला.

शनिवारी त्यांनी अभियंत्यांना सगळं सांगून टाकलं. अभियंते हसले नाहीत. त्यांनी विचार केला आणि सल्ला दिला, आणि तो सल्ला, मास्तरांना मानावंच लागलं, अगदी बिनतोड होता. म्हणावं, जुन्या यंत्रात महाल होता. या नव्या आवृत्तीवाल्यांनी तो गाळला. जागा वाचवायला गाळतात हो लोक. जुनं यंत्र आणून दाखवा असं ती पोरं म्हणणार नाहीत, आणि म्हणाली तरी आणणार कुठून? यात मास्तर खोटे पडत नव्हते, नातीची मान खाली जात नव्हती, चष्मेवाला गप्प बसत होता. मास्तर त्या रात्री शांत झोपले.

रविवारी चारला पोरं आली. चष्मेवाला, त्याच्यासोबत वर्गातल्या दोन जुळ्या बहिणी; भिंगरी दारातच त्यांना चपला कुठे काढायच्या ते दाखवत होती. सचिव आपली खुर्ची घरून घेऊन आले होते. सुतार भिंतीला टेकून उभा होता, अभियंते होतेच. चष्मेवाल्याने उभा टीव्ही मान तिरकी करून खालपासून वरपर्यंत न्याहाळला. हे एवढं खरं असेल तर महालही असेल, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं मास्तरांनी वाचलं.

खेळायला भिंगरीच बसली. तिने मागे नेण्याचं बटन वापरायचं नाही असं आधीच जाहीर केलं होतं. मास्तर तिच्या मागे उभे राहिले आणि हळू आवाजात सांगत गेले. बोटभर सरक. पंखाचं विसर, ठिपका जप. आता डावीकडून दोन येतील. धाप लागली बघ त्याला, आता निसट. आणि वहीतलं सगळं त्या लहान बोटांत उतरत गेलं. दुसरी लेव्हल गेली. तिसरी गेली तेव्हा सचिव खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसलेच नाहीत. चौथीला तिचं शेवटचं एक विमान शिल्लक असताना मोठं जहाज पडद्यावर उतरलं. जुळ्या बहिणींनी एकमेकींचे हात धरले. जहाजाला आता जेमतेम चार गोळ्या लागायच्या राहिल्या होत्या.

मास्तरांच्या खिशात ते बिनतोड उत्तर तयार होतं. जहाज फुटेल, समुद्र येईल, भिंगरी वळून बघेल, आणि मग म्हणायचं, गाळला वाटतं महाल. पण ज्या लोकांनी जुन्या यंत्राची धापसुद्धा टाकून दिली नव्हती, त्यांनी अख्खा महाल टाकून दिला असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना. आणि समोर त्यांची नात होती, जी त्यांच्या प्रत्येक शब्दावर बोट हलवत होती.

"भिंगरी, खेळ थांबव," ते म्हणाले.

तिने बटन दाबलं. जहाजाच्या गोळ्या हवेतच राहिल्या.

"महाल नाहीये," मास्तर म्हणाले. "नव्हताच. मी रचला तो."

भिंगरी वळली नाही, पडद्याकडेच बघत राहिली.

"राणीपण?"

"राणीपण."

"आणि टीव्ही उभा केला की दिसतो, ते?"

"तेही मीच."

भिंतीजवळून सुताराचा आवाज आला, "म्हणजे मी आठ भोकं पाडली ती..." आजीने त्याच्याकडे असं पाहिलं की उरलेलं वाक्य त्याने गिळलं.

मग मास्तरांनी राहिलेलंही सांगून टाकलं, कारण एकदा सुरू झाल्यावर अर्ध्यावर थांबण्यात अर्थ नव्हता. तरुणपणी ते स्वतः कधी दुसऱ्या लेव्हलच्या पुढे गेले नव्हते. सिनेमाघराशेजारी एक शिंपी होता, तो चहाच्या सुट्टीत येऊन खेळायचा, आणि मास्तर त्याच्या खांद्यावरून बघत उभे राहायचे. गोष्टीतली बोटं त्या शिंप्याची होती. तो रोज या मोठ्या जहाजापाशी पोचायचा आणि रोज त्याची सुट्टी इथेच संपायची. खेळ तसाच सोडून तो पळायचा. म्हणून जहाजाच्या पुढे काय आहे ते मास्तरांनी कधी पाहिलं नव्हतं. प्लास्टर होतं तेव्हा काहीतरी तर सांगायला हवं होतं.

भिंगरीचे कान लाल झाले होते. ती चष्मेवाल्याकडे वळली. "तू बरोबर होतास," ती म्हणाली. हे म्हणायला तिला किती जड गेलं ते मास्तरांना कळलं.

चष्मेवाल्याने चष्मा वर सरकवला. जिंकल्याचा आनंद काही त्याला होताना दिसेना. "पण हे मोठं जहाज मी मागे नेऊन नेऊन फोडलं होतं," तो म्हणाला. "असं नाही फोडलं. तू फोड ना."

भिंगरीने पुन्हा बटन दाबलं. थांबलेल्या गोळ्या खाली आल्या, तिने बोटभर सरकून त्या चुकवल्या, राहिलेल्या चार मारल्या, आणि जहाज फुटलं. पडदा काळा झाला. मग तो निळा समुद्र आला, सगळ्यांना ठाऊक असलेला, पहिल्या लेव्हलचा. सचिवांनी सुस्कारा सोडला आणि खुर्ची उचलली.

भिंगरीने मात्र हातातलं खाली ठेवलं नाही. चष्मेवाला इथे थांबला होता, मास्तर थांबले होते, ती स्वतः सोमवारी इथेच थांबली होती. परत तेच आलं म्हणून सगळ्यांनी डबा बंद केला होता. आता ती रागाने खेळत राहिली. पहिलं विमान वरून आलं, तिने ते उडवलं. आणि फुटता फुटता त्या विमानातून पाच गोळ्या पंख्यासारख्या बाहेर पडल्या.

"असं नव्हतं," चष्मेवाला म्हणाला.

पहिल्या फेरीत मेलेलं विमान मेलेलं असायचं. हे मेल्यावर गोळ्या झाडत होतं. दुसरं फुटलं, त्यातूनही पाच. जुळ्या बहिणी पुढे सरकल्या. सचिवांनी उचललेली खुर्ची हातातच धरून ठेवली. सुतार भिंत सोडून पुढे आला.

"आबा, हे काय आहे? आता कुठून येणार?" भिंगरीने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

मास्तरांच्या वहीत याबद्दल एक ओळही नव्हती. शिंपी इथवर आला नव्हता. उत्तर बांधून द्यायला या घटकेला अजिबात वेळ लागला नसता, सवयीचा हात होता. ते पडद्याजवळ वाकले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि डोळे बारीक करून त्या पंख्याकडे पाहू लागले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"मग गप्प बसून बघा," भिंगरी म्हणाली आणि गालिच्यावर थोडी बाजूला सरकली. तिच्याशेजारी एका माणसापुरती जागा झाली. मास्तर गुडघ्यावर हात टेकून खाली बसले, आणि बघू लागले.